एम-३१चे जनुक सापडेपर्यंत

सोलापुरातील एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. नोकरी सांभाळून केलेल्या पीएचडीचा विषय यीस्टचे असे म्युटंट, म्हणजे जनुक बिघडलेले प्रकार, शोधण्याचा होता, की जे अतिनील किरणांनीही लवकर मरतात आणि ३७ अंश सेल्सिअसवर वाढतही नाहीत. दोन्ही दोष एकाच पेशीत दिसले, तर त्यांच्यामागे एकच बिघडलेले जनुक आहे की दोन, एवढाच प्रश्न होता. कागदावर तो एका ओळीत मावतो. मला त्यासाठी २०२१चा जून ते २०२३चा सप्टेंबर एवढा काळ लागला. या कामात पुस्तकात न मिळालेल्या अनेक गोष्टी अडखळून कळल्या, आणि लहान गावातून असे काम सुरू करणाऱ्याला त्या उपयोगी पडतील म्हणून लिहून ठेवते.

नोंदणीचे पत्र जून २०२१मध्ये हाती आले. रसायनाने म्युटंट तयार करणे आणि पुढे प्लास्मिड (पेशीत जनुक नेणारे डीएनएचे छोटे वर्तुळ) वापरणे या दोन्ही गोष्टी आराखड्यात असल्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी हवी होती. १९८९च्या नियमांनुसार ही समिती असे काम करणाऱ्या प्रत्येक संशोधन केंद्रात असावी लागते. आमच्या महाविद्यालयात ती नव्हती, म्हणून माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या पुण्यातील केंद्रामार्फत १९ जुलैला अर्ज दिला. यीस्ट हा पावातला, सर्वांत कमी धोक्याच्या गटातला जीव. तरीही बैठक दोनदा पुढे गेली, एकदा ‘टाकाऊ माध्यमाची विल्हेवाट’ या रकान्यात ‘ऑटोक्लेव्ह’ (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करण्याचे यंत्र) एवढाच शब्द लिहिल्याबद्दल अर्ज परत आला, आणि मंजुरी ९ डिसेंबरला मिळाली. त्या रकान्यात तापमान, दाब, वेळ आणि कोण नोंद ठेवणार हे सगळे पहिल्याच वेळी लिहावे. माझे सहा आठवडे तिथे गेले.

मंजुरी येईपर्यंत साध्या, निरोगी यीस्टवर अतिनील किरणांचा सराव करायचे ठरवले. लॅमिनारमधला, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटातला, २५४ नॅनोमीटरचा दिवा, त्याखाली यीस्ट पसरलेल्या, झाकण काढलेल्या प्लेटी आणि घड्याळ एवढीच सामग्री होती. दिवा लावल्यावर निदान वीस मिनिटे तापू द्यावा लागतो, मधोमध आणि कडेला मात्रा वेगळी पडते, आणि प्लेटीचे झाकण राहिले तर किरण आत पोचतच नाहीत, हे पहिल्या महिन्यात कळले. तिसरी गोष्ट कळायला बारा प्लेटींचा बळी गेला. मीटर उसना आणून मात्रा ज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये मोजू लागले, तरीही आकडे जुळेनात. सोमवारी ५० ज्यूलनंतर जेवढ्या कॉलनी (वाचलेल्या एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) येत, त्याच्या दुपटीहून अधिक गुरुवारी येत. माध्यम तेच, दिवा तोच, हातही तेच.

आमच्या प्रयोगशाळेतील मामांनी सहज सांगितले, की गुरुवारी तुमचे तास दुपारी असतात, त्यामुळे प्लेटी तासभर खिडकीजवळच्या ओट्यावर राहतात. उत्तर तिथेच होते. यीस्टमध्ये फोटोलायेज नावाचे विकर असते, आणि ते निळसर प्रकाशाच्या ऊर्जेवर डीएनएमधल्या अतिनील किरणांनी पडलेल्या गाठी सोडवते. सोलापूरच्या उन्हात माझ्या अर्धमेल्या पेशी निवांत बऱ्या होत होत्या. पुढे वाचताना समजले, की १९४९मध्ये अल्बर्ट केल्नर यांना हा परिणाम सापडला तोही असाच. किरणांनंतरच्या सुधारणेवर तापमानाचा काय परिणाम होतो हे ते पाहत होते आणि आकड्यांचा विस्कळीतपणा शेवटी प्रकाशापाशी येऊन थांबला. ते वाचून थोडे हायसे वाटले. त्यानंतर खिडकीला काळे कापड लावले, पिवळा बल्ब आणला आणि किरण दिलेली प्रत्येक प्लेट लगेच अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळू लागले. चार महिन्यांचे आधीचे आकडे वहीत आहेत, पण त्यांवर तिरपी रेघ आहे.

जानेवारी २०२२मध्ये खरे काम सुरू झाले. यीस्टला जनुकांत बदल घडवणाऱ्या ईएमएस या रसायनात तासभर ठेवायचे, सोडियम थायोसल्फेटने ते निष्प्रभ करायचे, धुऊन पसरायचे. ईएमएस कर्करोगकारक आहे, म्हणून ते धूर खेचणाऱ्या कपाटातच आणि दुहेरी हातमोजे घालूनच हाताळले. इथे काटकसर करू नये. नंतर सुमारे नऊ हजार कॉलनी तीन-तीन प्रतींत उतरवायच्या होत्या: एक प्रत २५ अंशांवर साक्षीसाठी, एक ३७ अंशांवर, आणि एक अतिनील किरण देऊन पुन्हा २५ अंशांवर अंधारात. यासाठी लागते मखमल. लाकडी ठोकळ्यावर मखमलीचा निर्जंतुक तुकडा ताणायचा, त्यावर मूळ प्लेट हलकेच दाबायची, आणि मग त्या कापडावर एकामागून एक नव्या प्लेटी टेकवायच्या. कापडाची लव प्रत्येक कॉलनीतून थोड्या पेशी उचलून पुढे देते. मी आधी आणलेली मखमल कृत्रिम धाग्याची निघाली आणि ऑटोक्लेव्हमधून लव चिकटून, चामड्यासारखी बाहेर आली. दुसऱ्यांदा दुकानदाराकडून एक धागा मागून घेतला आणि तो जाळून, कागदासारखा वास येतो ना, एवढे पाहूनच चार मीटर सुती मखमल घेतली. दुकानदाराने लग्न कोणाचे म्हणून विचारले.

नऊ हजारांमधून ३७ अंशांवर न वाढणारे ४३ निघाले, अतिनील किरणांना हळवे ११ निघाले, आणि दोन्ही याद्यांत असलेले दोनच: एम-१७ आणि एम-३१.

इथे उन्हाळा आडवा आला. परदेशी पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानावर ठेवा’ असे लिहिलेले असते, आणि एप्रिलमध्ये आमच्या खोलीचे तापमान चाळिशीला टेकलेले असते. तापमानाला हळव्या म्युटंटसाठी २५ अंश म्हणजे थंड करू शकणारा बीओडी इन्क्युबेटरच हवा. २४ एप्रिलच्या रविवारी वीज अकरा तास गेली. सोमवारी प्लेटी पाहिल्या तेव्हा एम-३१ मेलेले नव्हते, पण त्यात काही कॉलनी इतरांहून मोठ्या आणि टपोऱ्या दिसल्या, आणि त्या ३७ अंशांवर खुशाल वाढल्या. ज्यांच्यात दोष आपोआप दुरुस्त झाला होता, त्याच पेशी उष्णतेत फोफावल्या होत्या. म्हणजे आणखी आठवडाभर प्लेटीवरच पेशी वाढवत राहिले असते, तर हातात म्युटंट राहिलाच नसता. म्युटंट सापडल्याच्या दिवशीच त्याचे ग्लिसरॉलमधले साठे करून उणे ८० अंशांवर, शक्य तर दोन ठिकाणी ठेवावेत. माझा दुसरा संच पुण्यात होता म्हणून वाचले. त्या टपोऱ्या कॉलनीसुद्धा मी फेकल्या नाहीत, सोळा वेगळ्या करून ठेवल्या. पुढे त्यांचे काम पडले.

आता संकर. मूळ प्रजाती (म्हणजे यीस्टचा ठरावीक वाण, स्ट्रेन) बीवाय४७४१ ही ‘ए’ लिंगप्रकाराची, तिला मेथिओनिन हे अमिनो आम्ल बाहेरून द्यावे लागते; जोडीदार बीवाय४७४२ हा ‘अल्फा’, त्याला लायसिन द्यावे लागते. दोन्ही नसलेल्या माध्यमावर फक्त त्यांचा द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेला) संकर वाढतो, त्यामुळे निवड सोपी जाते. द्विगुणिताला पोटॅशियम अ‍ॅसिटेटवर उपाशी ठेवले, की तो अर्धसूत्री विभाजन करून एका पिशवीत चार बीजाणू बनवतो, हाच टेट्राड. एका विभाजनातून जन्मलेली चारही भावंडे एकत्र हाती लागतात, हे यीस्टवर काम करणाऱ्यांचे भाग्य आहे. फक्त बीवाय घराण्यातील प्रजाती बीजाणू बनवायला फार कुरकुरतात. पुस्तकातील तीन-चार दिवसांवर विसंबून मी दोनदा कोरड्या हाताने परतले. आमच्याकडे आठ दिवस आणि २५ अंश लागले. एका संकराचा पूर्ण फेरा, म्हणजे मीलनापासून चाचणीपर्यंत, तीन आठवड्यांचा धरावा. सहामाही प्रगती अहवालात ‘दोन संकर केले’ एवढेच लिहिताना लाज वाटायची, पण वस्तुस्थिती तीच होती.

टेट्राड सोडवण्याचा सूक्ष्मदर्शक आमच्याकडे नाही. पुण्यात पाषाण रस्त्यावरील एका संस्थेने जुलै ते ऑक्टोबर २०२२मध्ये दर शनिवारी तो वापरू दिला. त्यासाठी प्राचार्यांचे पत्र, मॅडमचे पत्र आणि ओळखपत्राची प्रत लागली, शुल्क नव्हते. पिशवीचे आवरण विरघळवणारे झायमोलायेज फार महाग असते, तेही त्यांनीच थोडेसे दिले. मी सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने थर्मोकोलच्या खोक्यात नळ्या घेऊन निघत असे. बर्फाची पिशवी नळ्यांना थेट चिकटू देऊ नये, मध्ये वर्तमानपत्राची घडी असावी.

पहिल्या शनिवारी सहा तासांत चार टेट्राड सुटले. काचेची सुई केसाएवढी बारीक, तिचे सपाट टोक आगरच्या पृष्ठभागाला खालून किंवा वरून हलके टेकवायचे, चार बीजाणूंचा पुंजका पाण्याच्या पातळ थराबरोबर उचलायचा, ठरलेल्या रेघेवर नेऊन ठेवायचा, मग मेजावर बोटाने टिचकी मारून तो फोडायचा आणि एकेक बीजाणू पाच-पाच मिलिमीटरवर मांडायचा. टिचकी जोरात बसली तर सुई मोडते. विकर पाच मिनिटे जास्त राहिले तर पिशव्या आपोआप फुटून कोणते बीजाणू कोणाचे भाऊ हेच कळत नाही, कमी राहिले तर चौघे एकमेकांना सोडत नाहीत. माझ्यासाठी खोलीच्या तापमानावर नऊ मिनिटे आणि नंतर लगेच बर्फ हे गणित जमले. ऑगस्टअखेर एका बैठकीत वीस टेट्राड होऊ लागले.

निकाल आधी एम-१७चा आला आणि त्याने निराशा केली. चारही बीजाणू जगलेल्या २४ टेट्राडमध्ये प्रत्येक दोष स्वतंत्रपणे पाहिला तर नेमका दोनास दोन वाटला गेला होता, म्हणजे प्रत्येक दोषामागे एकेकच जनुक. पण दोन्ही दोष एकत्र राहिले नव्हते: पाच टेट्राडमध्ये मूळ जोड्या तशाच, चारांत पूर्ण उलट, आणि पंधरांत चारही प्रकारचे बीजाणू. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन जनुकांचे हेच चित्र असते. ईएमएसने एकाच पेशीला दोन ठिकाणी मारले होते आणि इतके महिने मी त्याला एक दोष समजत होते. म्युटंट मिळाल्याबरोबर, कोणतीही महागडी चाचणी करण्याआधी, त्याचा निरोगी प्रजातीशी संकर करावा असे मॅडम पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. ऐकायला हवे होते.

एम-३१च्या ४१ टेट्राडमध्ये मात्र दोन्ही दोष एकदाही वेगळे झाले नाहीत. मी आनंदाने तक्ता पाठवला, तर मॅडमचे उत्तर आले की यावरून एक जनुक सिद्ध होत नाही. ४१पैकी एकही फुटला नाही याचा अर्थ दोन्ही दोष फार तर साडेतीन सेंटीमॉर्गनच्या (जनुकांमधले अंतर मोजण्याचे एकक) आत आहेत. यीस्टमध्ये तेवढ्यात डीएनएची सुमारे दहा हजार अक्षरे, म्हणजे चार-पाच जनुके सहज बसतात. इथे एप्रिलमधल्या त्या सोळा टपोऱ्या कॉलनी कामी आल्या. त्यांना किरण दिले, तर अकरांमध्ये उष्णतेबरोबर किरणांचा दोषही गेला होता. उरलेल्या पाच ३७ अंशांवर वाढत, पण किरणांनी मरत. त्यांच्यात बहुधा दुसऱ्याच कुठल्या जनुकातील बदलाने उष्णतेचा दोष झाकला गेला असावा. एकाच उलट्या बदलाने दोन दोष जाणे ही अकरा वेळा घडलेली गोष्ट योगायोग म्हणता येत नाही.

मग जनुकाचे नाव. किरणांना हळव्या म्युटंटांची नावे ‘रॅड’ने सुरू होतात, अतिनील किरणांशी संबंधित जनुकांना पन्नासच्या खालचे आणि क्ष-किरणांशी संबंधित जनुकांना पन्नासपासून पुढचे आकडे देण्याचा संकेत १९७०च्या सुमारास ठरला. त्यांचे तीन गट मानले जातात: बिघडलेला तुकडा कापून काढणारा रॅड-३चा, नक्कल करताना अडथळा पार करणारा रॅड-६चा, आणि तुटलेले धागे पुनर्संयोगाने जोडणारा रॅड-५२चा. जनुक पूर्ण काढून टाकलेल्या प्रजातींच्या संग्रहातून रॅड-१, २, ४, १०, १४, ६, १८ आणि ५२ या आठ प्रजाती मिळाल्या, त्या प्रत्येकीशी एम-३१चा संकर केला. दोघांत एकच जनुक बिघडलेले असेल, तर द्विगुणितही किरणांनी मरायला हवा. आठही द्विगुणित किरणांना पुरून उरले. म्हणजे यांपैकी एकही नाही. डिसेंबर २०२२चा अहवाल ‘नकारात्मक निष्कर्ष’ या शीर्षकाखाली गेला.

चूक संग्रहाच्या स्वरूपात होती, आणि ती जानेवारीत एका रात्री लक्षात आली. ज्याच्याशिवाय यीस्ट जगतच नाही असे जनुक काढून टाकलेली एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) प्रजाती अस्तित्वातच असू शकत नाही. एम-३१ तर ३७ अंशांवर मरत होते. म्हणजे त्याचे जनुक जगण्याला आवश्यक असणार हे प्लेटी वर्षभर सांगत होत्या, आणि मी त्याला अशा यादीत शोधत होते जिथे ते असणे शक्यच नव्हते. कापणाऱ्या गटात असे एक ठळक नाव होते: खुद्द रॅड-३. त्याचे प्रथिन डीएनएचा पीळ उलगडते, आणि ते टीएफआयआयएच या मोठ्या संचाचा भाग असते. हा संच डीएनएच्या दुरुस्तीत जसा लागतो, तसाच जनुकांचे वाचन सुरू करायलाही लागतो. वाचन थांबले की पेशी मरते.

रॅड-३चा पूर्ण अभाव शक्य नसला, तरी केवळ दुरुस्तीपुरता बिघडलेला, एरवी जगणारा म्युटंट असतो. देशातील एका प्रयोगशाळेत तो होता. साहित्य हस्तांतरणाचा करार दोन्ही संस्थांच्या सह्यांसह पूर्ण व्हायला अकरा आठवडे लागले. आमच्या बाजूने सही नेमकी कोणी करायची यावरच त्यातले पाच गेले, म्हणून कराराचा नमुना हाती येताच अधिकृत स्वाक्षरीकर्ता कोण हे लेखी विचारून घ्यावे. ४ एप्रिल २०२३ला साध्या टपालाच्या पाकिटात फॉइलची एक लहान घडी आली. आत नखाएवढा गाळणकागदाचा तुकडा, त्यावर वाळलेले यीस्ट. तो चिमट्याने उचलून प्लेटीवर ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी कागदाभोवती पांढरी कड उगवली.

मध्यंतरी फेब्रुवारीत डीएनएचे धागे तोडणाऱ्या गॅमा किरणांची चाचणी उरकली होती. गॅमा चेंबर वापरायला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांची सही, नमुन्याचे वर्णन आणि मागायची मात्रा लिहिलेला अर्ज लागतो. यंत्र आपण चालवत नाही, नळ्या देऊन बाहेर थांबतो. मात्रेच्या दराचे प्रमाणपत्र चौदा महिने जुने होते. यंत्रातल्या कोबाल्ट-६०चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे, म्हणजे तेवढ्यात दर सुमारे १४ टक्क्यांनी घटतो आणि वेळ सुमारे १७ टक्क्यांनी वाढवावा लागतो. हे गणित स्वतः करून न्यावे. २०० ग्रे एवढ्या मात्रेला रॅड-५२चा म्युटंट जवळजवळ साफ झाला आणि एम-३१ निरोगी प्रजातीच्या बरोबरीने उभे राहिले. कापणाऱ्या गटाकडे बोट दाखवणारी ही आणखी एक खूण होती.

रॅड-३ म्युटंटशी केलेल्या संकराचा निकाल मेमध्ये आला, आणि दोन दिवस झोप उडाली. द्विगुणित किरणांनी मरत होता, म्हणजे दोघांचे जनुक एकच. पण तोच द्विगुणित ३७ अंशांवर मजेत वाढत होता, म्हणजे जनुके वेगळी. एकाच प्लेटीच्या दोन प्रतींनी दोन उत्तरे दिली. तिसऱ्या दिवशी कागदावर दोन्ही प्रथिने शेजारी काढली तेव्हा उलगडा झाला: टपालाने आलेल्या म्युटंटचे रॅड-३ जगण्याचे काम चोख करते, फक्त दुरुस्तीचे करत नाही. ते ३७ अंशांवर एम-३१ला वाचवते, पण दुरुस्ती दोघांपैकी कोणालाच जमत नाही. विरोधाभास नव्हताच. ज्याच्याशी ताडून पाहायचे तो म्युटंट स्वतः कशात कमी आहे आणि कशात धड आहे हे माहीत नसेल, तर ताडून पाहण्याला अर्थ राहत नाही.

पुढचे झपाट्याने झाले. जुलैत निरोगी रॅड-३ असलेले प्लास्मिड एम-३१मध्ये घातले. एरवीच्या पद्धतीतील ४२ अंशांचा लांब शेक या म्युटंटला झेपत नाही, म्हणून तो दहा मिनिटांवर आणला, कॉलनी थोड्या आल्या पण आल्या. त्यांचे दोन्ही दोष नाहीसे झाले, आणि प्लास्मिड गमावलेल्या पेशींत दोन्ही परत आले. सप्टेंबरमध्ये पाचव्या गुणसूत्रावरचे ते सुमारे २३०० अक्षरांचे जनुक तुकड्यांत वाचून (सिक्वेन्सिंग करून) घेतले. दोन्ही बाजूंनी मिळून आठ वाचने, प्रत्येकी साडेतीनशे रुपये. २१ तारखेला फाइल आली. एका ठिकाणी जीच्या जागी ए, आणि त्यामुळे प्रथिनात ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल. ईएमएस नेमका असाच बदल घडवते. शिपाई मामांना सांगितले, तर त्यांनी एकाच अक्षरासाठी एवढे का, असे विचारले. त्यांना चहा पाजला.

रॅड-३चे माणसातील रूप एक्सपीडी आहे. त्यातील काही बदलांनी ट्रायकोथायोडिस्ट्रॉफी हा केस ठिसूळ करणारा आजार होतो, आणि त्यातल्या काही रुग्णांचे केस ताप आला की गळतात, कारण त्यांचे प्रथिनही उष्णतेत टिकत नाही. हे २००१मध्ये प्रसिद्ध झाले होते. ते वाचल्यावर इन्क्युबेटरवरच्या ३७ आणि २५ या आकड्यांकडे मी पूर्वीसारखी पाहू शकले नाही.

खिशातून गेलेला खर्च प्रवास धरून अठ्ठावन्न हजारांच्या आसपास होता; महाविद्यालयाचे पंचवीस हजारांचे अनुदान त्याव्यतिरिक्त, आणि ते खर्चाची मूळ बिले जोडल्यावरच मिळते, म्हणून मखमलीचेही पक्के बिल घ्यावे. प्रबंध ऑगस्ट २०२४मध्ये दिला, मौखिक परीक्षा १७ जानेवारी २०२५ला झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ४१ टेट्राडच का, शंभर का नाहीत, असे विचारले. अकरा कॉलनींचा तक्ता आणि प्लास्मिडचा निकाल दाखवल्यावर त्यांनी मान हलवली. मग त्यांनी पान उलटून एम-१७चा तक्ता काढला आणि यातली दोन जनुके कोणती, असे विचारले. ती शोधलेली नाहीत, प्रजाती उणे ८० अंशांवर आहेत, असे सांगितले. ते वाक्य प्रबंधात कुठेच नव्हते; दुरुस्तीच्या यादीतला तो एकमेव मुद्दा ठरला.